गंधकाला बांधून ठेवणारी छिद्रे

हिमायतनगरच्या काळ्या रानात सोयाबीन पेरावयाचे झाले म्हणजे शेतकऱ्यास गंधकयुक्त खताची आठवण होते. हाच पिवळा, स्वस्त पदार्थ विजेचा साठाही करू शकतो, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. एक ग्रॅम गंधक सिद्धांततः १६७५ मिलिअँपिअर-तास वीज धारण करतो. मोबाइलच्या बॅटरीत वापरल्या जाणाऱ्या लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा तोच आकडा केवळ २७४ आहे. कोबाल्ट महाग, गंधक मुबलक. मग लिथियम-गंधक बॅटरी घरोघर का नाही?

कारण गंधक जागेवर राहत नाही. वीज देताना त्याचा लिथियमशी संयोग होतो आणि मधल्या अवस्थेतील संयुगे, ज्यांस पॉलिसल्फाइड म्हणतात, बॅटरीतील द्रवात चहातील साखरेप्रमाणे विरघळतात. ती पलीकडच्या लिथियमपर्यंत जातात, तेथे व्यर्थ खर्ची पडतात व परत येतात. या येरझाऱ्यांत साठा झिजतो. शिवाय गंधक सुमारे ८० टक्के फुगतो, ती अडचण निराळीच.

यावर उपाय म्हणजे गंधकास सच्छिद्र घर देणे. सुमारे १५५ अंश सेल्सिअसला वितळलेला गंधक अत्यंत पातळ होतो व सूक्ष्म छिद्रांत आपोआप शिरतो. २००९ साली कॅनडातील लिंडा नाझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सच्छिद्र कर्बात असा गंधक भरला आणि बाहेरून पॉलिमरचा लेप दिला. परंतु नुसते छिद्र पुरत नाही. मातीच्या माठातूनही पाणी पाझरतेच. छिद्राच्या भिंतीनेच पॉलिसल्फाइडला धरावयास हवे. येथे पॉलिमर उपयोगी पडतो, कारण लिथियमला ओढून घेणारे नायट्रोजनचे व ऑक्सिजनचे अणू त्याच्या रचनेत हवे तेथे बसविता येतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ साली अशाच जाळीदार वर्गातील, पाण्यात व आम्लात टिकणारे पदार्थ तयार केले. या वर्गातील पदार्थ गंधकाचे घर म्हणून अन्यत्र तपासले गेले आहेत.

पॉलिमरचा मोठा दोष असा की, त्यातून वीज नीट वाहत नाही. म्हणून कर्ब मिसळावा लागतो, आणि घराचे वजन वाढले की गंधकाचा वाटा घटतो. २०१० साली झेफिर हे सौर विमान गंधकाच्या बॅटऱ्यांवर दोन आठवडे आकाशात राहिले, कारण तेथे हलकेपणा मोलाचा होता. दिवसाचे ऊन रात्रीच्या दिव्यासाठी साठवू पाहणाऱ्या कुटुंबास वजनाची तितकी पर्वा नसते. बॅटरी किती वर्षे टिकेल, एवढेच ते विचारते. छिद्रांची खरी परीक्षा तेथेच व्हावयाची आहे.