निवांत बसणंही शिकावं लागतं!

सिंगापूरला नणंदेकडे गेलो, तेव्हा मी आणि सासूबाईंनी एक अख्खा दिवस तिथल्या ‘चायनीज गार्डन’मध्ये काढला. पोळीभाजीचा डबा, पाणी आणि छत्री, एवढीच तयारी. याच नावाच्या मेट्रो स्टेशनवरून बाग पायी जाण्याइतकी जवळ, आणि तिकीट मुळीच नाही बरं का!

१९७५ साली सुरू झालेली ही बाग तैवानचे प्रा. यू युएन-चेन यांनी उत्तर चीनमधल्या शाही बागांच्या धर्तीवर आखली. नूतनीकरणानंतर २०२४ मध्ये ती पुन्हा खुली झाली. तळं, कमानींचा पांढरा पूल, सात मजली पॅगोडा, कुंड्यांतले बुटके वृक्ष... तासाभरात सगळं ‘उरकून’ टाकू, म्हणून मी भराभर चालू लागले. पण चिनी बाग एका नजरेत मावतच नाही. वाटा मुद्दाम वळणाच्या. भिंतीआडून, खडकाआडून एकेक देखावा हळूच पुढे येतो. घाई करणारीला निम्मं दिसतच नाही.

सासूबाई मात्र तळ्याकाठी सावलीत बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “अगं, लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण हातात काही काम न घेता बसले ती आजच!”

मी गप्पच झाले. घरी त्या जरा टेकल्या, की शेंगांची पाटी पुढे सरकवणारी मीच ना?

आता दर रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी गावातल्या बागेत जातो. विणकाम घरी ठेवायचं, हा नियम! मैत्रिणींनो, तुमच्याही घरी असं कुणी आहे का, बघा बरं.