केसांची जात आणि कात्रीची मर्यादा

कुत्र्यामांजरांचे केस, त्वचा, नखे आणि कान यांची नियमित निगा राखण्याच्या कामाला आज शहरी मराठीत ‘ग्रूमिंग’ म्हणतात आणि ते व्यवसाय म्हणून करणाऱ्याला ग्रूमर. या कामाकडे पाळीव प्राण्याला नटवण्याची हौस म्हणून पाहिले जात असले, तरी त्याचा गाभा कातरकामात नसून केसांच्या जाणकारीत आहे. कोणत्या केसांना कात्री लावायची, कोणते नुसते विंचरायचे आणि कोणत्यांना यंत्र मुळीच लावायचे नाही, हे ठरवण्यातच या कसबाची खरी परीक्षा होते.

कुत्र्याच्या एकेका रोमरंध्रातून सहसा एक जाड, राठ केस आणि त्याच्या सोबतीने अनेक बारीक केस बाहेर येतात. राठ केसांचा वरचा थर पाणी आणि ऊन अडवतो, तर खालची दाट, मऊ लव अंगाभोवती हवा धरून ठेवते. हे दोन्ही थर ठळक असणाऱ्या हस्की, पॉमेरेनियन, जर्मन शेफर्ड अशा जातींचा ‘डबल कोट’ आहे असे म्हणतात. प्रत्येक केस वाढ, विसावा आणि गळती या चक्रातून जात असतो. पूडल किंवा शिह त्झू यांच्या केसांचा वाढीचा काळ फार लांब असल्याने ते गळतात कमी आणि वाढत राहतात, म्हणून त्यांना ठरावीक काळाने कापावेच लागते. हस्की किंवा पॉमेरेनियनचे बहुतेक केस मात्र विसाव्याच्या अवस्थेत असतात. ते मुळापाशी भादरले, तर पुन्हा उगवायला कित्येक महिने लागतात आणि काही वेळा ते विरळ किंवा वेगळ्याच पोताचे येतात. टेरियर गटातील काही कुत्र्यांच्या तारेसारख्या राठ केसांचा प्रकार आणखी निराळा असतो. त्यांचे पिकलेले, मेलेले केस बोटांनी किंवा बोथट दातेरी सुरीच्या आधाराने उपटून काढतात. या पद्धतीला ‘हँड स्ट्रिपिंग’ म्हणतात. तिच्याऐवजी यंत्र फिरवले, तर राठपणा जाऊन केस मऊ पडतात आणि त्यांचा रंगही फिका होतो.

या कसबाचा इतिहासही कामाच्या गरजेतूनच सुरू होतो. पूडल ही मुळात पाण्यात पडलेली शिकार काढून आणणारी जात. पोहताना ओल्या केसांचे ओझे होऊ नये म्हणून तिचा मागचा भाग भादरत आणि छाती व सांधे थंडीपासून झाकलेले राहावेत म्हणून तेथील केस राखत. आज प्रदर्शनांतून दिसणारे पूडलचे गोंडेदार रूप या व्यवहारी कापणीचाच अलंकृत अवतार आहे. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी आणि पाँ नफ पुलावर बसून कुत्री भादरून देणारे कारागीर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील चित्रांत दिसतात. पुढे ब्रिटनमध्ये 1871 साली क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर यांनी मांजरांचे प्रदर्शन भरवले, 1873 मध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि 1891 मध्ये क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनाची सुरुवात झाली. प्रत्येक जातीचे अपेक्षित रूप लेखी ठरू लागले, तशी जातवार कापणीचीही शिस्त बसत गेली.

यंत्रयुगाने कामाला वेग दिला. मुठीत दाबून चालवण्याच्या क्लिपरच्या जागी विजेवर चालणारे क्लिपर आले. लिओ वॉल यांनी 1919 मध्ये अमेरिकेत इलिनॉयमधील स्टर्लिंग येथे विद्युतचुंबकावर चालणारे केस कापण्याचे यंत्र बाजारात आणले. ते माणसांच्या न्हाव्यांसाठी होते, पण त्याच तत्त्वाची यंत्रे प्राण्यांसाठीही रूढ झाली. क्लिपरच्या तोंडाशी एक स्थिर आणि एक सरकते अशी दोन दातेरी पाती असतात व दोहोंच्या कैचीत केस कापला जातो. पात्यांच्या क्रमांकांचा हिशेब उलटा चालतो: 4 क्रमांकाचे पाते साधारण साडेनऊ मिलिमीटर केस ठेवते, 10 क्रमांकाचे दीड मिलिमीटर, तर शस्त्रक्रियेपूर्वी वापरले जाणारे 40 क्रमांकाचे जेमतेम पाव मिलिमीटर. घर्षणाने पाते तापते आणि प्राण्याची पातळ त्वचा नकळत भाजू शकते, म्हणून सराईत ग्रूमर दर थोड्या वेळाने ते स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहतो.

कामाचा क्रम सहसा अंग चाचपण्यापासून सुरू होतो. गाठ, जखम, गोचीड, कानाचा वास, त्वचेवरचा लालसर पट्टा या गोष्टी मालकाच्या आधी ग्रूमरच्या हाताला लागतात. त्यानंतर आंघोळीपूर्वीच केस विंचरून घेतले जातात, कारण गुंता भिजला की सुकताना आवळून नमद्यासारखा घट्ट होतो. केस थराथराने उचलून, मुळाशी त्वचा दिसेल अशी भांगाची रेष पाडत स्लिकर ब्रश चालवायचा आणि शेवटी धातूचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत अडखळल्याविना जातो का, हे पाहायचे. वरून झळाळणाऱ्या कोटाखाली काखेत, कानामागे आणि मांड्यांच्या सांध्यात जटा लपलेल्या असतात, त्या कंगव्याला सापडतात. जट कात्रीने कापणे हा घरगुती अपघाताचा नेहमीचा मार्ग आहे. जट ओढली की पातळ त्वचाही तंबूसारखी वर उचलली जाते आणि कात्रीत येते. म्हणून जट आणि त्वचा यांच्यामध्ये कंगवा सरकवून ठेवतात किंवा 10 क्रमांकाचे पाते त्वचेला समांतर धरून जट उतरवतात. नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो. काळ्या नखात दिसत नसल्याने एकेक पातळ काप काढत, कापलेल्या तोंडाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसताच थांबतात.

मांजराची गोष्ट वेगळी, कारण ते स्वतःच निष्णात ग्रूमर असते. त्याच्या जिभेवरचे केराटिनचे काटे टोकाशी पोकळ, पन्हळीसारखे असतात आणि लाळ थेट केसांच्या मुळाशी पोहोचवतात, हे ॲलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. माणसाने निवडीने घडवलेल्या पर्शियन मांजराचा कोट मात्र इतका लांब आणि दाट असतो की हे काटे त्वचेपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून आखूड केसांच्या मांजराला बहुधा नुसता ब्रश पुरतो, तर पर्शियनला रोजचा कंगवा चुकत नाही. मांजर अंगावर पडलेले सारे चाटून पोटात घेते आणि त्याचे यकृत काही रसायने नीट निकामी करू शकत नाही. त्यामुळे कुत्र्यांच्या गोचिडांवर चालणारे पर्मेथ्रिन किंवा टी ट्री तेल मांजराच्या जिवावर बेतू शकते.

महाराष्ट्राच्या हवामानात या ज्ञानाला विशेष महत्त्व येते. नागपूर-पुण्याच्या उन्हाळ्यात हस्कीला गारवा मिळावा म्हणून त्याचे केस भादरण्याचा आग्रह अनेक मालक धरतात. परंतु कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो आणि भादरलेल्या त्वचेला ऊन थेट लागते. तेव्हा सुटलेली लव विंचरून काढणे आणि वरचा थर राखणे हाच खरा उपाय ठरतो. पावसाळ्यात ओलसर राहिलेली लव, बोटांच्या बेचक्या आणि लोंबते कान येथे बुरशी धरते, म्हणून आंघोळीइतकेच पूर्ण कोरडे करणेही महत्त्वाचे असते. मात्र पग किंवा पर्शियनसारख्या चपट्या नाकाच्या प्राण्यांना गरम ड्रायरखाली एकटे ठेवणे धोक्याचे असते. याउलट दख्खनच्या कारवान कुत्र्याचा आखूड, गुळगुळीत कोट खरबरीत फडक्याने पुसला तरी भागते. त्याच्याच पश्मी या प्रकारात कान, पाय आणि शेपटीवरील रेशमी झालरीपुरता कंगवा लागतो.

मुंबई-पुण्यात आता पार्लरखेरीज घरी येणारे ग्रूमर आणि पाण्याची टाकी, ड्रायर घेऊन फिरणाऱ्या गाड्याही आहेत. पशुवैद्यकाला 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यान्वये पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी करावी लागते; ग्रूमरला तशी नोंदणी सक्तीची नाही, आणि त्यामुळे पारखण्याची जबाबदारी मालकावर येते. गजकर्ण प्राण्यांकडून माणसांनाही होत असल्याने पाती आणि कंगवे प्रत्येक प्राण्यानंतर निर्जंतुक होतात का, हे पाहावे. प्राणी शांत राहावा म्हणून गुंगीचे औषध देण्याची तयारी दाखवणाऱ्या पार्लरला नकार द्यावा, कारण तो अधिकार पशुवैद्यकाचा आहे. गुदग्रंथी दाबणे किंवा कानातले केस उपटणे ही कामे तक्रार नसताना नेमाने करण्याचीही गरज नसते. विंचरणे, दात घासणे आणि पंजे पुसणे ही रोजची कामे घरात झाली, तर कापणी आणि अवघड गुंता एवढेच व्यावसायिकाकडे उरते. आणि जो ग्रूमर मालकाने मागितलेली कापणी प्राण्याच्या कोटाला सोसणार नाही असे स्पष्ट सांगतो, त्याच्याच हाती प्राणी निर्धास्तपणे सोपवावा.