वीज गेली की धरणारा ब्रेक

फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडाचा लॅडल क्रेनवर अधांतरी असताना वीज गेली, तर त्याला कोण धरतं? मोटरच्या मागच्या टोकाला, पंख्याच्या झाकणाआड बसलेला ब्रेक. धरण्याचं काम स्प्रिंगांचं, सोडवण्याचं विजेचं. कॉइलला डीसी पुरवठा मिळाला की ती आर्मेचर प्लेट ओढून घेते, लायनरची डिस्क मोकळी होते, शाफ्ट फिरतो. पुरवठा तुटला की स्प्रिंगा डिस्क आवळतात. १८५४ साली न्यूयॉर्कमध्ये एलिशा ओटिसने दोर कापायला लावून जी लिफ्ट अडवून दाखवली, तिच्यामागेही हाच विचार होता: बिघाड झालाच, तर यंत्र थांबलं पाहिजे.

म्हणून मेंटेनन्सवाला आधी विचारतो, ब्रेक सुटत नाही की धरत नाही?

सुटत नसेल, तर आळ बहुधा ड्राइव्हवर येतो. मोटर गुरगुरते, करंट चढतो, ड्राइव्ह ओव्हरलोड दाखवून ट्रिप होतो आणि सगळे पॅरामीटर चाळत बसतात. त्याआधी ब्रेकच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावावा. २३० व्होल्ट एसीतून हाफ वेव्ह रेक्टिफायर साधारण १०३ व्होल्ट डीसी देतो, फुल वेव्ह २०७. कॉइलच्या पाटीवरचा आकडा याच्याशी जुळायला हवा. व्होल्टच नसतील, तर फ्यूज, रेक्टिफायर, कॉन्टॅक्टर आणि ड्राइव्हकडून येणारी ब्रेकची कमांड तपासावी. जुन्या मोटरला नंतर ड्राइव्ह बसवला असेल, तर ब्रेकचा पुरवठा अजून मोटरच्याच टर्मिनलवरून येत नाही ना, हेही पाहावं. कमी वेगाला ड्राइव्ह व्होल्ट उतरवतो, मग कॉइल उपाशी राहते. तिला वेगळी लाइनच हवी.

व्होल्ट बरोबर असूनही ‘खट्’ आवाज आला नाही, तर पुरवठा बंद करून कॉइलचा रेझिस्टन्स मोजावा. तोही ठीक निघाला, तर फिलर गेज काढावा. नव्या ब्रेकचा एअर गॅप मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांचा असतो. लायनर झिजतो तसा तो वाढतो आणि शेवटी चुंबकाची ओढ प्लेटपर्यंत पुरत नाही. झिजलेला ब्रेक ढिला पडेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो सुटायचाच बंद होतो. सकाळी चालणारी क्रेन दुपारी अडते, तेव्हा हाच संशय घ्यावा. तापलेल्या तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो, करंट घटतो आणि काठावरचा गॅप हाताबाहेर जातो.

धरत नसेल, तर आधी हँड रिलीजचा लिव्हर अडकला आहे का ते बघावं. मग गिअरबॉक्सचं सील: तिथून झिरपलेलं तेल लायनरने प्यायलं की लायनर बदलण्याला पर्याय नाही. भार थांबताना थोडा सरकत असेल, तर वायरिंग उलगडावं. फक्त एसी बाजू तोडली, तर कॉइलमधला करंट रेक्टिफायरमधूनच फिरत राहतो आणि ब्रेक उशिरा बसतो. होइस्टला डीसी बाजूही तोडावी लागते. उचलताना भार आधी खाली दबत असेल, तर मोटरने टॉर्क धरण्यापूर्वीच ड्राइव्ह ब्रेक सोडतो आहे.

यातलं काहीही उघडण्यापूर्वी भार जमिनीवर टेकवायचा आणि मेन स्विचला कुलूप लावायचं. दुरुस्तीनंतरची चाचणी भार जमिनीपासून वीतभर उचलूनच घ्यायची. ब्रेक तिथे टिकला, तरच वर न्यायचा.