समुद्र चढला की जमीन खचली?

मुंबई बंदरात ज्यांच्या घरातील कोणी काम केले आहे, त्यांना प्रिन्सेस डॉक हे नाव माहीत असेलच. १८८० साली तो सुरू झाला. त्याआधी तेथे खोदकाम चालू असताना मजुरांच्या कुदळी-पहारींना एक अजब गोष्ट लागली. समुद्राच्या पातळीखाली, चिखलात, खैराची झाडे सापडली. एकदोन नव्हे, शेकडो. काही आडवी पडलेली, तर पुष्कळशी मुळांसकट जागच्या जागी उभी! खैर काही खाऱ्या पाण्यात वाढत नाही. म्हणजे ज्या ठिकाणी पुढे बोटी लागल्या, त्या ठिकाणी एके काळी कोरडी जमीन होती, रान होते.

मग प्रश्न उरतो तो असा : समुद्र वर चढला, की जमीन खाली खचली?

कोणी म्हणेल, झाले ते होऊन गेले, आता त्याचे काय? पण वाचकहो, पावसाळ्यात भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की ज्यांच्या खोलीत गुडघाभर पाणी शिरते, त्यांना हा प्रश्न रिकामटेकडा वाटणार नाही. समुद्र पुढे किती वाढणार हे कळायचे, तर तो मागे किती वाढला होता हे कळले पाहिजे. आणि मागचे मोजायला गेले की पाणी आणि जमीन यांचा हा झगडा आधी सोडवावा लागतो. ज्यांनी आपली उभी हयात या हिशेबात घातली, त्यांच्यापैकी एक म्हणजे अमेरिकेतील शास्त्रज्ञ मॉरीन रेमो.

मॉरीन यांचा जन्म १९५९ सालचा. त्यांचे वडील चेट रेमो हे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत आणि सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत विज्ञानावर लिहीत. समुद्राखाली बुडी मारून चित्रपट काढणारे फ्रेंच संशोधक जाक कुस्तो यांचे कार्यक्रम टेलिव्हिजनवर पाहून या मुलीने लहानपणीच ठरवले, की आपणही समुद्राचाच अभ्यास करायचा. घरातून तिला कोणी अडवले नाही. पुढे १९८९ साली बापलेकींनी मिळून ईशान्य अमेरिकेतील खडकांच्या इतिहासावर एक पुस्तकही लिहिले. बाप आणि लेक एकाच पुस्तकाचे लेखक, हे दृश्य आमच्या घरांतूनही दिसावे असे कोणाला वाटणार नाही?

ब्राऊन विद्यापीठातून १९८२ साली पदवी घेऊन मॉरीनबाई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी.साठी आल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली ज्या विद्यापीठात शिकायला गेले, तेच हे कोलंबिया. तेथील लॅमाँट या भूशास्त्र संस्थेत त्या समुद्राच्या तळाचा गाळ वाचायला शिकल्या.

गाळ वाचणे म्हणजे काय? समुद्रात डोळ्यांना जेमतेम दिसतील असे जीव असतात. ते मेले की त्यांची चुन्याची कवचे तळाशी साचतात. वर्षानुवर्षे थरावर थर बसत जातो. सर्वांत वरचा थर आजचा, खालचा जुना. जहाजातून लांबलचक पोकळ नळी तळात घुसवून वर काढली, की लाखो वर्षांचा गाळ उभ्या दांड्यासारखा हाती येतो. आता त्यातील खरी गंमत. पाण्यात प्राणवायूचे हलके आणि जड असे दोन्ही अणू असतात. हलके पाणी लवकर वाफ होते, बर्फ होऊन ध्रुवाकडे पडते आणि तेथेच अडकून राहते. जमिनीवर बर्फ वाढला, की मागे समुद्रात जड पाण्याचे प्रमाण वाढते, आणि कवचे त्याच पाण्यातून बनतात. म्हणून खसखशीएवढ्या कवचावरून त्या काळी पृथ्वीवर बर्फ किती होता याचा अंदाज बांधता येतो. बर्फ जास्त, तर समुद्र कमी. बर्फ वितळला, की समुद्र चढला.

२००५ साली रेमो आणि लॉरेन लिसिएकी या दोघींनी जगभरच्या समुद्रांतील ५७ ठिकाणच्या अशा नोंदी एकमेकींशी जुळवून ५३ लाख वर्षांची एक सलग नोंदवही तयार केली. एका ठिकाणचा थर जाड, दुसऱ्या ठिकाणचा पातळ. त्यांचा मेळ घालणे हे अत्यंत किचकट काम. जगभरचे अभ्यासक आजही आपल्या नोंदी या वहीशी लावून पाहतात. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटचे हिमयुग भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मुंबई हाय येथे समुद्र साधारण ७५ मीटर खोल आहे. किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून दूर, जेथे आज तेलविहिरींचे फलाट उभे आहेत, तेथे त्या काळी माणूस चालत जाऊ शकला असता.

रेमो यांचे नाव प्रथम झाले ते मात्र हिमालयामुळे. विद्यार्थिनी असतानाच, १९८८ साली, त्यांनी विल्यम रडिमन आणि फिलिप फ्रॉलिक यांच्याबरोबर एक कल्पना मांडली. पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि त्याचे सौम्य आम्ल होते. हे आम्ल खडक झिजवते. झिजलेला माल नद्या समुद्रात नेतात, तेथे त्याची कवचे होतात, आणि हवेतील तो वायू कायमचा तळाशी पुरला जातो. हिमालय आणि तिबेटचे पठार उंच उठले, त्यावर पावसाळी वारे अडले, नवे खडक उघडे पडले. झीज वाढली, वायू घटला, आणि पृथ्वी लाखो वर्षांत हळूहळू थंड होत गेली, असे हे म्हणणे. त्यावर आजही वाद चालतो, तो मिटलेला नाही. पण ज्या पर्वताकडे आपण देवादिकांचे निवासस्थान म्हणून हात जोडायला शिकलो, तो साऱ्या जगाची हवा बदलणारा कारखाना असू शकेल, हा विचार एका विद्यार्थिनीने धीटपणे पुढे ठेवला, हे विशेष.

आता पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे येऊ. बर्म्युडा आणि बहामा बेटांवर सुमारे २० मीटर उंचीवर समुद्राच्या जुन्या खुणा आहेत. त्या सुमारे चार लाख वर्षांपूर्वीच्या. तेव्हा हवेतील कार्बन डायऑक्साइड कारखान्यांच्या युगापूर्वी होता साधारण तेवढाच. मग समुद्र एवढा चढला कसा? त्यासाठी दक्षिण ध्रुवावरील पूर्वेकडचा थोरला बर्फसुद्धा बराच वितळलेला असला पाहिजे, असे काही जण म्हणत.

२०१२ साली रेमो आणि जेरी मित्रोविका यांनी याचा उलगडा केला. जाड गादीवर माणूस बसला, की मधला भाग दबतो आणि कडेचा भाग थोडा फुगतो. तो उठला, की फुगवटा हळूहळू बसतो. उत्तर अमेरिकेवर हिमयुगात काही किलोमीटर जाडीचा बर्फ बसला होता आणि ही बेटे त्या गादीच्या फुगलेल्या कडेवर येतात. बर्फ वितळल्यावर ती खाली बसू लागतात. गादी क्षणात सरळ होते, जमिनीला हजारो वर्षे लागतात. चार लाख वर्षांपूर्वीचा गरम काळ नेहमीपेक्षा फार लांबला; म्हणून बेटे जास्त खाली बसली आणि समुद्राने आपली खूण तेथे जास्त वर उमटवली. हा फरक वजा केल्यावर समुद्राची खरी वाढ निघाली ६ ते १३ मीटर.

२० वरून आकडा खाली आला म्हणून कोणी निश्चिंत होऊ नये. ६ ते १३ मीटर याचा अर्थ, ग्रीनलंडवरील आणि दक्षिण ध्रुवाच्या पश्चिम भागावरील बर्फ त्या वेळी कोसळला होता. फार मोठ्या उष्णतेशिवाय, नुसता गरम काळ लांबल्यानेही हे झाले. १९०१ ते २०१८ या काळात जगाचा समुद्र सुमारे २० सेंटीमीटर वाढला आणि आता तो वाढण्याचा वेग जास्त आहे. सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी हवेत जवळपास आजच्याइतका कार्बन डायऑक्साइड होता. त्या काळचे किनारे शोधत रेमो आणि त्यांचे सहकारी ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका असे देश हिंडले. तेथेही तीच अडचण : तीस लाख वर्षांत जमीनही वरखाली झालेली, त्यामुळे प्रत्येक किनारा वेगळाच आकडा सांगतो.

लॅमाँट संस्थेत पूर्वी मेरी थार्प नावाच्या बाई काम करीत. समुद्राच्या तळाचे नकाशे त्यांनी काढले आणि अटलांटिकच्या मध्यावरील मोठी भेग १९५० नंतरच्या काही वर्षांत त्यांनीच ओळखली. पण बाई बोटीवर आली की अपशकुन, अशी समजूत. म्हणून पुरुष माप घेऊन येत आणि थार्पबाई किनाऱ्यावर बसून नकाशा काढीत. बाईच्या सावलीचा विटाळ त्या प्रगत देशातील विज्ञानसंस्थेलाही होत होता तर! १९९५ साली उत्तर अटलांटिकमध्ये तळ खोदायला गेलेल्या मोठ्या मोहिमेच्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक मॉरीन रेमो होत्या. २०१४ साली लंडनच्या भूशास्त्र मंडळाचे वोलस्टन पदक त्यांना मिळाले. १८३१ पासून दिले जाणारे हे पदक तोपर्यंत एकाही स्त्रीला मिळाले नव्हते. २०२० साली लॅमाँट संस्थेची सूत्रे त्यांच्या हाती आली. त्या जागेवर बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

संचालक होण्याच्या आधीपासूनच तेथील गाळाच्या कोठाराचा कारभार त्यांच्याकडे होता. व्हेमा नावाच्या जहाजाने १९५३ पासून रोज एक नळी गाळ काढायचा असा शिरस्ता ठेवून जगभरच्या समुद्रांतून गोळा केलेला माल तेथे ओळीने मांडून ठेवलेला आहे. सुरुवातीच्या वर्षांत या जहाजावर बायकांना पाय ठेवता येत नव्हता. त्याच गाळाचे चिमूटभर नमुने मागण्यासाठी पुढे जगभरचे संशोधक मॉरीनबाईंच्या कोठाराकडे अर्ज करीत.