पनवेलच्या खाडीकाठची आठमाही मरुभूमी

मरुभूमीचा सागरतट म्हटला की नामिबियाचा धुक्याने वेढलेला किनारा किंवा चिलीमधील अटाकामा आपल्या मनश्चक्षूंसमोर येतो. शीत सागरी प्रवाहांमुळे तेथील हवेला वर चढून पर्जन्यमेघाचे रूप घेता येत नाही, आणि समुद्र पायाशी असूनही भूमी तहानलेली राहते. जेथे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो त्या पनवेलचे नाव अशा प्रदेशांबरोबर घेणे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु दिवाळी उलटल्यावर पनवेल, उरण आणि पेण तालुक्यांतील खारजमिनींवर जो उभा राहिला असेल, पावसाचे नाव नसलेल्या त्या दीर्घ काळात ऊन आणि वारा पाणी कसे शोषून घेतात व भेगाळलेल्या चिखलावर क्षाराचा पांढरा थर कसा चढतो हे ज्याने पाहिले असेल, त्याला ही तुलना अनाठायी वाटणार नाही. सजीवाच्या दृष्टीने पाण्याचा अभाव आणि क्षाराचा अतिरेक ही जवळजवळ एकच आपत्ती आहे, कारण दोहोंतही शरीरातील पाणी बाहेर ओढले जाते.

या किनाऱ्याच्या भूगर्भाचा इतिहास तर पनवेलच्याच नावाने ओळखला जातो. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्हाचे थर सह्याद्रीच्या माथ्यावर जवळजवळ क्षितिजसमांतर पसरलेले दिसतात. तेच थर घाटाखाली पनवेलच्या परिसरात समुद्राच्या दिशेने झुकतात, आणि उत्तर-दक्षिण शंभराहून अधिक किलोमीटर गेलेला हा वाक, ज्याचे वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील जे. बी. ऑडन यांनी 1949 मध्ये केले, तो आज 'पनवेल फ्लेक्शर' या नावाने जगभरच्या शोधनिबंधांत रूढ आहे. हिंदी महासागरातील सेशेल्सचा भूखंड भारतापासून विलग होताना आपल्या पश्चिम कडेचे कवच ताणले गेले व खचले, आणि त्याच उलथापालथीशी या वाकाचा संबंध जोडला जातो. घारापुरीची लेणी ज्या काळ्या पाषाणात खोदली आहेत आणि कर्नाळ्याचा सुळका ज्याचा बनला आहे, तो याच लाव्हाच्या कुळातील आहे. पुढे, अगदी अलीकडच्या भूकाळात, हिमयुग ओसरून सागराची पातळी चढली तेव्हा नद्यांची मुखे बुडाली आणि त्यांच्या खाड्या झाल्या. मुंबईचा प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली खैराच्या झाडांचे बुंधे मूळ जागीच सापडले, हा समुद्र आणि भूमी यांच्या बदललेल्या सीमेचा सज्जड पुरावा होय.

या बुडालेल्या दऱ्यांत साचलेल्या गाळावर आगरी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून भात आणि मीठ पिकविले. उधाणाचे पाणी मिठागरात घेऊन एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरविले जाते तेव्हा रसायनशास्त्राचा एक सुंदर क्रम उघड्यावर घडतो : प्रथम चुना खाली बसतो, पाणी तीन-चार पट दाट झाल्यावर जिप्सम, आणि सुमारे दहा पट दाट झाल्यावर खाण्याचे मीठ. या क्रमाबरोबर जीवसृष्टीही बदलते. मासे मागे राहतात. दाट होत जाणाऱ्या पाण्यात क्षारप्रिय सूक्ष्म शैवाल माजते, आणि त्यातील केशरी-तांबड्या रंगद्रव्यामुळे कधी सारा वाफाच गुलाबी दिसू लागतो. बांधाबाहेर तिवर उभा असतो, जो शोषलेले मीठ पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकतो. पान चाटून पाहिल्यास त्याची प्रचीती येते.

पक्ष्यांनी हीच अडचण निराळ्या रीतीने सोडविली. डोळ्यांवरच्या लवणग्रंथी रक्तातील मीठ गाळून नाकपुड्यांवाटे बाहेर टाकतात, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ श्मिट-नील्सन यांनी 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रयोगाने सिद्ध केले. रोहित पक्षी, ज्याला आपण फ्लेमिंगो म्हणतो, या सामर्थ्यावरच खाऱ्या चिखलात निर्धास्तपणे राहतो. मान वाकवून, चोच उलटी करून, तिच्या कडेच्या बारीक दंतुर जाळीतून तो पाणी गाळतो. त्याच्या पिसांचा गुलाबी रंगही त्या आहारातूनच येतो. सलीम अली यांनी 1945 मध्ये कच्छच्या मोठ्या रणातील रोहितांच्या वसाहतीला भेट दिली, तेव्हा त्यांनी चिखलाच्या असंख्य घरट्यांची ती नगरी प्रत्यक्ष पाहिली. त्या रणासारखीच आपली खाडी आणि मिठागरे या पक्ष्यांच्या भ्रमंतीतील मुक्काम आहेत. क्षाराच्या त्या मरुभूमीशी पनवेलचे नाते पक्ष्यांच्या पंखांनी जोडलेले आहे, हे आपण सहसा ध्यानी घेत नाही.

ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा आणि 2022 मध्ये रामसर क्षेत्राची मान्यता मिळाली, ही समाधानाची बाब आहे. परंतु उरण-पनवेलच्या बाजूस 1989 मध्ये बंदर सुरू झाले, त्यापाठोपाठ गोदामे, रस्ते आणि विमानतळही आले, आणि जेथे भरतीचे पाणी पोचेनासे झाले तेथे चिखल कायमचाच कोरडा पडला. भरती बंद झालेली खार ही नुसती पडीक माती असते. तिच्यातून मीठही पिकत नाही आणि शेवाळही उगवत नाही, म्हणून तेथे पक्षी उतरत नाहीत. कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या महसुली दप्तरांत खारजमिनींना स्वतंत्र धारा होता, कारण त्या जमिनींचे जीवन पाण्याच्या आवक-जावकीवर अवलंबून आहे हे त्या काळच्या मामलेदारांना ठाऊक होते. आजच्या नियोजनकारांनीही या खारीला पडीक न समजता, तिच्यात येणाऱ्या भरतीच्या वाटा नकाशावर नोंदवाव्यात आणि त्या बुजविण्यास कोणत्याही प्रकल्पाला परवानगी देऊ नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.