घामाचा हिशेब आणि 1904 ची मॅरेथॉन

घामावाटे शरीराचे वजन सुमारे 2 टक्क्यांहून अधिक घटले की रक्ताचे आकारमान कमी होते, हृदयाचे ठोके वाढतात आणि धावपटूचा वेग मंदावतो, हे आज सर्वमान्य आहे. परंतु 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये आयोजक जेम्स सलिव्हन यांनी निर्जलीकरणाचे, म्हणजे शरीरातील पाणी घटण्याचे, परिणाम पाहण्यासाठी भर उन्हातल्या धुळकट मॅरेथॉनमार्गावर पाण्याची सोय जवळजवळ ठेवलीच नव्हती. प्रयोग कसला, छळच तो! 32 पैकी 14 स्पर्धकच शेवटपर्यंत पोहोचले, आणि विजेते थॉमस हिक्स यांना वाटेत स्ट्रिकनीन (अल्प मात्रेत उत्तेजक मानले गेलेले जहाल विष), अंड्याचा पांढरा बलक व ब्रँडी देण्यात आली.

याउलट, तहान नसताना पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम पातळ होऊन हायपोनॅट्रेमिया ही प्रसंगी प्राणघातक अवस्था ओढवते. शंभर मीटरच्या धावपटूला शर्यतीत पाण्याचा प्रश्नच नसतो. त्याचा हिशेब उन्हातल्या सरावाचा असतो. म्हणून खेळाडूंनी सरावाआधी व नंतर वजन करावे आणि घटलेल्या प्रत्येक किलोमागे साधारण सव्वा ते दीड लिटर पाणी, खारट खाण्यासोबत, पुढील काही तासांत थोडे थोडे प्यावे.