रंगाऱ्याच्या हातचे रंग

रंगीत फिल्म येण्याच्या कितीतरी आधी रंगीत फोटो होते. फक्त त्यांतले रंग कॅमेऱ्यातून नव्हे, कुंचल्यातून उतरत.

फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार १८५८ मध्ये हिंदुस्थानात आला. बंडानंतरच्या उद्ध्वस्त लखनौचे फोटो त्याने काढले. पुढे चीनमार्गे १८६३ मध्ये तो जपानच्या योकोहामा बंदरात पोचला आणि तिथे त्याने स्टुडिओ थाटला. अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या कागदावर तपकिरी फोटो छापायचा, मग जपानी कारागिरांनी त्यावर पातळ जलरंग भरायचे, अशी पद्धत. हात इतका हलका, की रंगाखालची छायाप्रकाशाची बारीक छटा तशीच दिसे. त्याच्याकडे रंग भरणाऱ्या कुसाकाबे किंबेईने १८८१ मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला.

गिऱ्हाईक म्हणजे बोटीने आलेले गोरे प्रवासी. त्यांना आगगाडीचा, तारखात्याचा जपान नको होता. कमरेला तलवार लावायला १८७६ मध्ये बंदी झाली, तरी स्टुडिओत भाड्याचे सामुराई चिलखत घालून उभे राहतच होते. लाखेच्या पुठ्ठ्याचा अल्बम घेऊन साहेब घरी जाई, आणि तोच त्याच्या गावासाठी जपान ठरे.

आपल्याकडेही फार वेगळं नव्हतं. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी उत्तम फोटो काढत. विल्यम जॉन्सनने १८६३ पासून मुंबईतल्या जातीजमातींचा ग्रंथ काढला. त्यात स्टुडिओतली माणसं वेगळ्याच देखाव्यांवर बसवली होती! रंगाच्या बाबतीत मात्र आपला रंगारी जपान्यापेक्षा धीट. तो बहुधा जाड, अपारदर्शक रंग लावी, जरीचा काठ उठवी, मागे गालिचा घाली. कधीकधी तर मूळ फोटो पार झाकून जाई.

आणि मूळ रंग ओळखायला आधार तरी काय? जुन्या काचा लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या. लाल कापड त्यांवर काळंच उमटे. रंगारी एक तर विचारी, नाहीतर आपल्या मनाने ठरवी.

मुरुडला आमच्या घरी दादीचा एकुलता एक फोटो आहे, १९३८ चा. दादी बोटीने मुंबईला गेली होती, तेव्हा काढलेला. त्यात लुगडं गर्द हिरवं आहे. खाऱ्या हवेने आता त्यावर बुरशी धरली आहे, म्हणून भाचा तो संगणकावर नव्याने रंगवून घेणार आहे. तो संगणकही शेवटी अंदाजच करणार, दुसरं काय! नव्वदीतली फुफी सांगते, लुगडं अंजिरी होतं. ईदला पेटीतून निघायचं, म्हणून पक्कं आठवतं. ज्याने ते हिरवं केलं त्याने दादीला पाहिलंही नसेल. फोटो काढणारा एक, रंगवणारा दुसरा.

मी भाच्याला सांगितलंय, दोन प्रती काढ, एक हिरवी, एक अंजिरी. आणि अंजिरीच्या मागे फुफीचं नाव लिही.